मे महिन्यातील लंडन: हवामान, कपडे आणि गर्दी यांचा मेळ घालून सहलीची आखणी

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने असले, तरी महाराष्ट्रात वैशाख म्हटला की वणवाच आठवतो. त्यामुळे मे महिन्यात लंडनला निघालेल्या कुटुंबाला तेथील वसंत कसा असतो याचा अंदाज घरी बसून बांधता येत नाही. कोणी थंड देश म्हणून जाडजूड कोट भरतात आणि दुपारी तो हातात वागवत फिरतात, तर कोणी वीस अंश हा आकडा वाचून पुण्यातील डिसेंबरची दुपार डोळ्यांसमोर आणतात आणि सकाळी नऊ वाजता नदीच्या पुलावर कुडकुडतात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: आखणी महिन्याच्या सरासरीवर केलेली असते, तर लंडनचा मे महिना एका दिवसाच्या पोटातच अनेकदा बदलतो. म्हणून या लेखातील सगळी मांडणी दिवस हे एकक धरून केली आहे. तिचे सूत्र असे की, छताखाली पाहायच्या गोष्टींचे आरक्षण आधी पक्के करावे, उघड्यावर पाहायच्या गोष्टी मोकळ्या ठेवाव्यात आणि त्या कधी पाहायच्या हे आदल्या संध्याकाळी ठरवावे.

आधी तेथील दिनदर्शिका पाहावी

आपल्याकडील शाळांना मेमध्ये सुट्टी असते, एवढ्याच आधारावर तारखा ठरवणे धोक्याचे आहे, कारण लंडनमधील गर्दी तेथील सुट्ट्यांवर हलते. इंग्लंडमध्ये मे महिन्यात दोन बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, येतात: एक पहिल्या सोमवारी आणि दुसरा शेवटच्या सोमवारी. २०२७ मध्ये हे सोमवार ३ मे आणि ३१ मे रोजी येतील. शनिवार-रविवारला जोडून आलेल्या या सोमवारी देशभरातील कुटुंबे राजधानीकडे येतात, हॉटेलांचे दर चढतात आणि नदीकाठी मुंगीला वाट राहत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मेअखेरच्या बँक हॉलिडेला जोडून बहुतेक शाळांना आठवडाभराची सुट्टी असते, तिला तेथे हाफ टर्म म्हणतात. त्या आठवड्यात मुलांच्या आवडीचे प्रत्येक ठिकाण सकाळपासून भरलेले असते. आम्ही पहिल्या खेपेला ही सुट्टी न पाहता नेमके त्याच आठवड्यात गेलो होतो आणि एका संग्रहालयाच्या दारापर्यंत पोहोचण्यातच अर्धी सकाळ गेली होती.

यातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. दोन बँक हॉलिडेंच्या मधले आठवडे, म्हणजे पहिला सोमवार उलटल्यानंतरचा मंगळवार ते महिन्याच्या शेवटच्या आठवड्याआधीचा शुक्रवार, हा सहलीसाठी सर्वांत चांगला काळ होय. त्यातही तिसरा आठवडा मला अधिक पसंत आहे, कारण तोवर पहाटेचा गारवा थोडा ओसरलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि शाळा सुरू असतात. या काळात एकच सावधगिरी बाळगावी: चेल्सी फ्लॉवर शो हे प्रसिद्ध पुष्पप्रदर्शन मेच्या उत्तरार्धात मंगळवार ते शनिवार असे पाच दिवस भरते. ते पाहायचे नसेल, तर त्या दिवसांत स्लोन स्क्वेअर आणि चेल्सी भागातील मुक्काम टाळावा.

तारखा ठरल्या की व्हिसाचे गणित मांडावे लागते. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारणपणे तीन आठवडे लागतात. मेच्या मध्यावर निघायचे असेल तर फेब्रुवारीच्या मध्यावर अर्ज भरण्याची तयारी हवी. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी सुट्टीसाठी निघणाऱ्यांची झुंबड उडते, तेव्हा बोटांचे ठसे देण्यासाठी सोयीची वेळ मिळणेही कठीण होते. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे युरोपच्या व्हिसावर लंडनला जाता येत नाही, हेही सहलीला पॅरिस जोडणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

हवामानाचे खरे रूप

मे महिन्यात लंडनचे सरासरी कमाल तापमान साधारण १८ अंश आणि किमान ९ अंशांच्या आसपास असते. परंतु एखादी लाट आली की दुपारचे तापमान २६-२७ अंशांवर जाते, आणि ढगाळ दिवशी उत्तरेचा वारा सुटला की ते १३ अंशांवरच अडकते. या दोन टोकांत कधी कधी दोन दिवसांचेही अंतर नसते. शिवाय ऊन आणि सावली यांतला फरक तेथे फार जाणवतो. उन्हात बाकावर बसलेल्या माणसाला स्वेटर नकोसा होतो, आणि ढग सूर्याआड आला की तोच माणूस पाच मिनिटांत तो शोधू लागतो.

पावसाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. लंडनमध्ये वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षा कमी, आणि मुंबईच्या एकट्या जुलैपेक्षाही कमी. फरक आहे तो वाटणीचा. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तेथील पाऊस बारा महिन्यांत विखुरलेला असतो. मे महिन्यात साधारण आठ-नऊ दिवस मोजण्याइतका पाऊस पडतो, आणि त्यांतील पुष्कळ दिवशी तो एखाद्या सरीसारखा येऊन अर्ध्या-पाऊण तासात निघून जातो. म्हणून पावसाच्या भीतीने अख्खा दिवस खोलीत काढण्याचे कारण नसते. मात्र अंगावरचे कपडे भिजले तर ते वाळायला लागणारा वेळ हा खरा प्रश्न असतो, कारण मेमध्ये खोल्यांतील हीटर बहुधा बंद असतात आणि पंखा मिळेलच असे नाही.

तिसरी गोष्ट उजेडाची. महिन्याच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेआठच्या थोडे आधी मावळतो. महिनाअखेरीस तो पाचच्याही आधी उगवून रात्री नऊनंतर मावळतो. सोळा तासांचा हा उजेड मेमधील सहलीचे सर्वांत मोठे भांडवल आहे, आणि गर्दी टाळण्याची गुरुकिल्लीही त्यातच आहे. तिच्याकडे पुढे येतो.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे परागकण. मेच्या मध्यापासून गवताच्या परागकणांचा हंगाम सुरू होतो. ज्यांना धुळीची किंवा परागांची ॲलर्जी आहे, दमा आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून औषधे आणि त्यांची लेखी चिठ्ठी घेऊनच निघावे. तेथील हवामान खाते, म्हणजे मेट ऑफिस, परागकणांचाही अंदाज देते. ज्या दिवशी प्रमाण जास्त असेल त्या दिवशी उद्यानांऐवजी नदीकाठ किंवा संग्रहालय निवडता येते.

कपड्यांची बॅग

एक जाड थर घेण्याऐवजी तीन पातळ थर घ्यावेत, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. पण ते थर कोणते आणि का, हे स्पष्ट असल्याशिवाय बॅग नीट भरत नाही. अंगालगतचा पहिला थर साधा टी-शर्ट किंवा कुर्ता असावा, जो दुपारी एकटाही शोभेल. दुसरा थर ऊब धरणारा, म्हणजे पातळ लोकरी स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट. त्याला पुढून चेन किंवा बटणे असावीत, कारण दिवसातून सात-आठ वेळा काढ-घाल करायची असते आणि डोक्यातून काढायच्या स्वेटरचा कंटाळा येऊन माणूस घामाघूम होईपर्यंत तो तसाच ठेवतो. तिसरा थर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारा, टोपी असलेला पातळ विंडचीटर. या तिघांत महत्त्वाचा कोणता असे विचारले, तर मी तिसऱ्याचे नाव घेईन. १४ अंश तापमानात वारा नसेल तर स्वेटरवर भागते, परंतु टेम्स नदीच्या काठावर किंवा वेस्टमिन्स्टर पुलावर वारा सुटला की तो लोकरीतून आरपार जातो. त्याच वाऱ्यामुळे छत्रीचाही फारसा उपयोग होत नाही. ती उलटी होते, आणि गर्दीच्या पदपथावर ती सांभाळणे म्हणजे दुसऱ्यांच्या डोळ्यांची काळजी वाहणे. कुटुंबात एक छोटी घडीची छत्री पुरते, पण टोपीचा विंडचीटर प्रत्येकाला स्वतंत्र हवा.

सुती कापड आपल्याला प्रिय असले, तरी भिजल्यावर ते अंगाला गार चिकटून राहते. जीन्सची अवस्था त्याहून वाईट, कारण गुडघ्याखाली भिजलेली जीन्स रात्रभरात वाळत नाही. आठ दिवसांच्या सहलीला एक जीन्स आणि दोन पातळ, लवकर वाळणाऱ्या पँटी हे प्रमाण योग्य वाटते. वरचे टी-शर्ट किंवा कुर्ते सहा, स्वेटर दोन, विंडचीटर एक आणि मोज्यांचे आठ जोड पुरतात. मोजे मुद्दाम जास्त सांगितले आहेत, कारण ओले मोजे घालून चालल्याने फोड येतात आणि मग सहलीचे पुढचे दोन दिवस वाया जातात. दिवसाकाठी पंधरा ते वीस हजार पावले चालणे लंडनमध्ये सहज होते. म्हणून बूट नवे नकोत. नवे घ्यायचेच असतील तर निघण्याच्या तीन आठवडे आधी घेऊन रोज सकाळी ते घालूनच फिरायला जावे.

घरातील वडीलधाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांना दुपारी १७ अंशांतही थंडी वाजते, विशेषतः बसून राहिल्यावर. त्यांच्यासाठी एक-दोन पातळ थर्मल, कानटोपी आणि गळ्याभोवती घ्यायला लोकरीचा मफलर अवश्य ठेवावा. ज्या स्त्रिया साडीच नेसतात, त्यांनी प्रवासासाठी सुती साडीऐवजी लवकर वाळणारी कृत्रिम धाग्याची साडी घ्यावी, ती नेहमीपेक्षा चार बोटे वर नेसावी, आत परकराऐवजी लेगिंग्ज घालावी आणि पायात बूट-मोजे घालावेत. उंच सरकत्या जिन्यांवर निऱ्या अडकण्याची भीती खरी आहे. जिन्यावर पाऊल ठेवण्याआधी निऱ्या हाताने उचलून धराव्यात आणि शक्य तेथे लिफ्ट असलेले स्थानक निवडावे. माझ्या आईने पहिले दोन दिवस साडीवर शाल घेतली होती, पण शाल वाऱ्याने खांद्यावरून घसरत राही आणि तिचा एक हात कायम त्यातच गुंतलेला असे. तिसऱ्या दिवशी तिने माझा चेनवाला स्वेटर साडीवर चढवला आणि मग परतीपर्यंत तो उतरवला नाही.

थंडीच्या नादात उन्हाचा विसर पडू नये. मेअखेरीस स्वच्छ दिवशी दुपारचा अतिनील निर्देशांक सहापर्यंत जातो. हवा गार असल्यामुळे ऊन भाजते आहे हे कळत नाही आणि संध्याकाळी नाक-कपाळ लाल झालेले दिसते. गॉगल, टोपी आणि सनस्क्रीन मलम पाठीवरच्या पिशवीत असू द्यावे. याच पिशवीत प्रत्येकाचा काढलेला थर मावला पाहिजे, तेव्हा ती फार लहान नको आणि फार मोठीही नको, कारण अनेक संग्रहालयांच्या दारात पिशव्या तपासतात आणि मोठे सामान आत नेऊ देत नाहीत.

मुक्कामाची जागा

मुक्काम स्वस्त म्हणून शहराच्या टोकाला घ्यावा की मध्यभागी, हा खर्चाचा प्रश्न समजला जातो, पण मेमध्ये तो हवामानाचाही प्रश्न आहे. खोली अशा ठिकाणी असावी की दुपारी चार-साडेचारला अर्ध्या तासात परत येता येईल, भिजलेले बूट बदलता येतील, तासभर पाठ टेकता येईल आणि जाड थर घेऊन लांबलेल्या संध्याकाळसाठी पुन्हा बाहेर पडता येईल. दीड तासाच्या अंतरावर राहणाऱ्यांना हे जमत नाही. ते एकदा निघाले की रात्रीपर्यंत बाहेर अडकतात, आणि सकाळच्या अंदाजाने घातलेल्या कपड्यांवर रात्रीचा गारवा सोसतात. खोली ठरवताना लिफ्ट आहे का हे विचारून घ्यावे, कारण जुन्या इमारतींतील लहान हॉटेलांत ती नसते आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत बॅगा वाहाव्या लागतात. पहाटे पाचला खिडकीतून लख्ख उजेड येतो, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी सोबत ठेवावी.

पक्के काय करावे आणि सैल काय ठेवावे

एका दिवसात एकच वेळ ठरलेले तिकीट, आणि तेही शक्यतो सकाळी पहिल्या तासाचे, असा नियम करावा. पक्क्या आरक्षणासाठी पावसाने फारसा फरक पडत नाही अशी ठिकाणे निवडावीत: वेस्टमिन्स्टर ॲबी, सेंट पॉल कॅथीड्रल, एखादे नाटक. ॲबी आणि सेंट पॉल येथे रविवारी केवळ प्रार्थना असते आणि पर्यटकांना आत फिरता येत नाही, म्हणून ही दोन्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी बसवावीत. टॉवर ऑफ लंडन अर्धा उघड्यावर आणि अर्धा छताखाली आहे. तेथे दार उघडताच आत शिरून, इतर काहीही न पाहता, सरळ राजमुकुटांच्या दालनाकडे जावे. कोहिनूर जडवलेला मुकुट त्याच दालनात आहे. सकाळी तेथे थांबायला मिळते, अकरानंतर मात्र बाहेर लांब रांग लागते.

ग्रिनिच, क्यू येथील वनस्पती उद्यान, रिचमंड पार्क, हॅम्पस्टेड हीथ आणि नदीतील बोट ही मात्र हवामानावर अवलंबून असणारी ठिकाणे आहेत. त्यांना वार नेमून देऊ नये. चांगल्या हवेचे दोन-तीन दिवस आठवड्यात मिळतातच. ते हाती लागले की यांपैकी जे मनात असेल ते उचलावे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाणाऱ्यांनी रिचमंड पार्कमधील इझाबेला प्लांटेशन चुकवू नये. तेथे ओढ्याच्या दोन्ही काठांवर ॲझेलियाची झुडपे गुलाबी, केशरी आणि जांभळ्या रंगांनी भरून जातात. रीजंट्स पार्कमधील गुलाबाचा बगीचा मात्र मेअखेरीस उमलू लागतो आणि त्याचा खरा बहर जूनच्या आरंभी असतो, तेव्हा मेच्या मध्यावर तेथे गुलाबांच्या आशेने जाऊ नये.

स्काय गार्डन या उंच इमारतीवरील काचेच्या सज्जाला प्रवेश विनामूल्य आहे, पण आरक्षण लागते आणि ते सुमारे तीन आठवडे आधी, सोमवारी खुले होते. सूर्यास्ताच्या वेळेची तिकिटे लगेच संपतात. त्या दिवशी धुके किंवा पाऊस असला तरी पैसे जात नाहीत, म्हणून हे आरक्षण निर्धास्तपणे करून ठेवावे.

आदल्या संध्याकाळचा निर्णय

पाच दिवसांपलीकडच्या अंदाजावर विसंबून काहीही ठरवू नये. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास मेट ऑफिसचा तासागणिक अंदाज उघडावा आणि त्यात चार आकडे पाहावेत: सकाळी नऊचे तापमान, दुपारी तीनचे तापमान, वाऱ्याच्या झोताचा वेग आणि प्रत्येक तासासमोरील पावसाची शक्यता. एखाद्या तासासमोर ४० टक्के लिहिले असेल, तर त्याचा अर्थ तासातील ४० टक्के वेळ पाऊस पडेल असा नसून, अशी परिस्थिती दहा वेळा आली तर त्यांतील चार वेळा त्या तासात पाऊस होईल असा आहे. म्हणून सलग चार-पाच तासांसमोर ७०-८० टक्के दिसले तर तो छताखालचा दिवस समजावा. मधूनमधून ३०-४० टक्के दिसले तर विंडचीटर घेऊन खुशाल बाहेर पडावे. सकाळ आणि दुपार यांच्या तापमानात आठ अंशांहून अधिक फरक असेल, तर पाठीवरच्या पिशवीत जागा रिकामी ठेवावी.

पाऊस असल्यावर शहरातील प्रत्येक पर्यटक संग्रहालयाकडे वळतो, हे विसरू नये. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम यांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेश विनामूल्य असला, तरी आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर वेळ राखून ठेवली की दारावरचा ताटकळण्याचा काळ वाचतो. पावसाळी दिवशी दहाला दार उघडताना पोहोचावे, किंवा मुख्य संग्रहालये सोडून कमी गजबजलेली ठिकाणे गाठावीत. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागे मँचेस्टर स्क्वेअरमध्ये वॉलेस कलेक्शन आहे. चित्रे, चिलखते आणि जुने लाकडी सामान यांनी भरलेला हा वाडा विनामूल्य पाहता येतो आणि मुख्य संग्रहालयांच्या मानाने तेथे निवांतपणा असतो. सेंट पँक्रास स्थानकाजवळील ब्रिटिश लायब्ररीत दुर्मीळ हस्तलिखितांचे दालन आहे, त्यात मॅग्ना कार्टा ही इंग्लंडची ऐतिहासिक सनदही ठेवलेली आहे. शुक्रवारी पाऊस असेल तर दुप्पट सोय, कारण त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दहापर्यंत उघडे असते. संध्याकाळी सहानंतर शाळांच्या सहली परतलेल्या असतात आणि ज्या मूर्तीसमोर दुपारी चार ओळींत माणसे उभी होती, तिच्यासमोर निवांत उभे राहता येते.

पहाट आणि संध्याकाळ

आता त्या गुरुकिल्लीकडे येतो. मेमध्ये लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. भारतातून गेलेल्या माणसाला पहिले तीन-चार दिवस पहाटे चार-साडेचारलाच जाग येते, आणि मग बहुतेक जण पुन्हा झोप लागावी म्हणून अंथरुणात तळमळत राहतात. तसे न करता उठून चहा घ्यावा, तिन्ही थर आणि कानटोपी चढवावी आणि सहाला वेस्टमिन्स्टर पुलावर पोहोचावे. तापमान आठ-नऊ अंश असते, वारा बोचरा असतो, पण उजेड स्वच्छ असतो आणि जो पूल दुपारी माणसांनी ओसंडून वाहतो तो जवळजवळ मोकळा असतो. तेथून सेंट जेम्स पार्कमधून बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत चालत जावे. बागेत त्या वेळी पाणपक्षी आणि धावायला आलेले स्थानिक लोक एवढेच भेटतात. आठला न्याहारीसाठी परतले तरी सहलीतील सर्वांत गर्दीचा भाग उरकलेला असतो. आमच्या घरातील लहानांनीही अशा पहाटांची आठवण सर्वांत जास्त जपली आहे.

राजवाड्यासमोरील पहारा बदलण्याचा सोहळा पाहायचा असेल, तर तो साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकराच्या सुमारास होतो आणि चांगली जागा मिळवण्यासाठी दहापासून उभे राहावे लागते; पाऊस जोराचा असेल तर तो रद्दही होतो. वृद्ध आणि लहान मुले सोबत असतील तर मी त्याऐवजी हॉर्स गार्ड्स परेडवरील घोडदळाचा पहाराबदल सुचवेन. तो एरवी रोज अकराला, रविवारी दहाला होतो, मैदान मोठे आहे आणि घोडे बरेच जवळून दिसतात.

बाजारांच्या बाबतीत वार फार महत्त्वाचा आहे. बरो मार्केट सोमवारी बंद असते आणि शनिवारी त्यात पाऊल ठेवायला जागा नसते. मंगळवार ते गुरुवार सकाळी दहाला तेथे विक्रेत्यांशी बोलायलाही सवड मिळते. मोठ्या दुकानांना कायद्याने रविवारी फक्त सहा तास व्यवहार करता येतो, त्यामुळे बाहेर लख्ख ऊन असतानाच संध्याकाळी सहाला ती बंद होतात. दूध, दही, फळे यांची खरेदी शनिवारीच करून ठेवावी. उजेडाच्या भरवशावर जेवण लांबवू नये. साडेनऊला आकाश उजळ असले तरी अनेक खाणावळींचे स्वयंपाकघर बंद व्हायला आलेले असते. शाकाहारी मंडळींना यूस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय जेवण मिळते.

ट्यूबमध्ये, म्हणजे तेथील भुयारी रेल्वेत, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात या वेळांत भाडे जास्त असते आणि गर्दीही. या वेळांत बसने जावे. तिचे भाडे दिवसभर सारखेच असते आणि वरच्या मजल्यावरून शहरही दिसते. प्रत्येक प्रौढाने स्वतःचे वेगळे संपर्करहित (यंत्रावर नुसते टेकवून पैसे देता येणारे) कार्ड वापरावे, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. अकरा वर्षांखालील मुले मोठ्यांसोबत विनामूल्य जातात. खोल बोगद्यांतून धावणाऱ्या सेंट्रल आणि बेकरलू मार्गांवर वातानुकूलन नाही आणि मेमध्येही आत उकडते, तेव्हा फलाटावर उतरण्याआधीच स्वेटर काढून पिशवीत टाकावा. एलिझाबेथ लाइन, डिस्ट्रिक्ट आणि सर्कल मार्गांवरील डबे मात्र वातानुकूलित आहेत. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवतात, त्यांची यादी शुक्रवारी पाहून ठेवावी.

मराठी माणसासाठी एक संध्याकाळ मी आवर्जून राखून ठेवायला सांगेन. प्रिमरोझ हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोड या घरात १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले आणि आता तेथे स्मारक-संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा आधी पाहून, निरभ्र दिवशी दुपारी उशिरा तेथे जावे. चॉक फार्म हे ट्यूबचे स्थानक जवळ आहे. घरात शांतपणे तासभर घालवून बाहेर पडले की काही मिनिटांत प्रिमरोझ हिलची टेकडी येते. साडेसात-आठच्या सुमारास माथ्यावर बसावे. खाली रीजंट्स पार्कची झाडी आणि तिच्या पलीकडे अख्खे शहर पसरलेले दिसते. शनिवारी तेथे तरुणांची बरीच गर्दी असते, म्हणून सोमवार ते गुरुवार निवडावा. गवत ओले असते, तेव्हा बसायला जुने वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकची चटई न्यावी. सूर्य कलू लागला की वारा वाढतो आणि दहा मिनिटांत चार-पाच अंशांचा फरक पडल्यासारखे वाटते. विंडचीटर तेव्हा पिशवीतून काढावा, आणि वडीलधारी सोबत असतील तर त्यांचा मफलर त्याआधीच.